एल-1 मधलं सिमेंट आणि दांडिया बाजारातल्या आजी : एका नर्सिंग केसची पूर्ण हकिगत

पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी केस घडली तशी लिहितेय. मी वडोदऱ्यात एका हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात सिस्टर आहे. ठिसूळ हाडांमुळे मणका दबलेले पेशंट आमच्याकडे येतच असतात, बहुतेक बायका, बहुतेक सत्तरीच्या आसपास. काहींच्या दबलेल्या मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट भरतात, या ऑपरेशनबद्दल वाचायला जाल तर सगळं सिमेंट कसं भरतात यावर, आणि नर्सिंग म्हणजे काय तर व्हायटल्स बघा, जखम बघा, रजा द्या. माझं मत थोडं वेगळं झालंय, या पेशंटला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते दुखणं थांबल्यावर. का, ते केस वाचताना कळेलच.

पेशंट : आजी, वय 74. माहेर-सासर दोन्ही वडोदऱ्याचं, राहायला दांडिया बाजारातलं जुनं घर, झोपायची खोली वर आणि मधे तो उभा लाकडी जिना. बीपी, शुगर दोन्ही. चाळिशीच्या आधीच गर्भाशयाची पिशवी काढलेली, बीजकोशांसकट, म्हणजे पाळी जायच्या वयाच्या कितीतरी आधीच इस्ट्रोजेन, म्हणजे हाडं जपणारं हार्मोन, गेलं आणि हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू. हे आजींनी सांगितलंच नव्हतं, "ते जुनं ऑपरेशन, त्याचा काय संबंध" असं म्हणाल्या. सूनबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, दोन-तीन वर्षांत आजींच्या निऱ्या पायात यायला लागल्यात आणि फडताळातला वरचा डबा आता त्यांच्या हाताला लागत नाही. म्हणजे उंची कमी झालीय. मणक्याची निम्म्याहून जास्त फ्रॅक्चर्स कुणाच्या लक्षातच येत नाहीत, वय झालं म्हणून पाठ वाकली असंच सगळे समजतात, आणि आजींच्या एक्सरेमध्ये डी-8, म्हणजे पाठीचा आठवा मणका, खरंच आधीपासून दबलेला निघाला, जुना, भरून आलेला.

नवीन फ्रॅक्चर झालं रिक्षात. न्याय मंदिराकडून घरी येताना रिक्षा बंपवरून उडाली, आजी मागच्या सीटवर, वर उचलल्या गेल्या आणि धप्पकन बसल्या. कंबरेत कट्ट झालं म्हणाल्या, पण घरी चालत आल्या, स्वयंपाकसुद्धा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. मग घराजवळच्या डॉक्टरांचं इंजेक्शन, पट्टा, "लचक भरलीय, आराम करा", आणि तीन आठवडे पलंगावर. एक्सरे कुणी काढलाच नाही. सत्तरीच्या बाईची कंबर अचानक धरली तर एक साधा एक्सरे काढायला काय जातं, हे मला खरंच कळत नाही.

आमच्याकडे आल्या तेव्हा एक्सरेत एल-1, म्हणजे कंबरेचा पहिला मणका, पुढून पाचरीसारखा दबलेला, एमआरआयमध्ये तोच मणका सूज दाखवत होता म्हणजे फ्रॅक्चर ताजं, मागची भिंत शाबूत, नसांवर दाब नाही. डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, टी-स्कोअर उणे 3.4. (उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं, ही डब्ल्यूएचओची 1994 पासूनची व्याख्या.) व्हिटॅमिन डी अगदीच कमी.

इथे एक सांगायला हवं, प्रत्येक दबलेल्या मणक्यात सिमेंट भरत नाहीत. बरीचशी फ्रॅक्चर्स गोळ्या, पट्टा आणि हळूहळू हालचाल यांनी सहा ते बारा आठवड्यांत बरी होतात. व्हर्टिब्रोप्लास्टी, म्हणजे सुईने मणक्यात सिमेंट भरणं, पहिल्यांदा 1984 मध्ये फ्रान्सच्या आमियँमध्ये झाली तीसुद्धा ऑस्टिओपोरोसिससाठी नव्हतीच, मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी होती. पुढे सगळीकडे सर्रास व्हायला लागली, आणि मग 2009 मध्ये दोन अभ्यास एकाच वेळी आले की खोटी प्रोसिजर केलेल्या पेशंटइतकाच फरक खऱ्या प्रोसिजरनेही पडतो. त्यावर बराच वाद झाला. 2016 च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात सहा आठवड्यांच्या आतलं फ्रॅक्चर आणि खूप दुखणं असलेल्या पेशंटना फायदा दिसला. आजी त्या गटात बसत होत्या. तीन आठवडे गोळ्या घेऊनही कूस बदलता येत नव्हती, बाकीचं शरीर पलंगावरच खचत चाललं होतं. म्हणून डॉक्टरांनी बलून कायफोप्लास्टी ठरवली, आधी फुग्याने मणक्यात जागा करायची, शक्य तेवढी उंची उचलायची आणि मग त्या पोकळीत सिमेंट भरायचं.

आता आमचं काम. दुखणं किती हे विचारायला शून्य ते दहाची पट्टी असते. आजींना ती काही समजेना, दर वेळी "खूप" एवढंच उत्तर. मग मी विचारलं, आजी रुपयातले किती आणे दुखतंय? लगेच उत्तर आलं, "पडल्यापडल्या दोन आणे, कूस बदलताना चौदा आणे." रुपयाचे सोळा आणे धरून फाईलमध्ये मी दहापैकी 1 आणि 9 लिहिलं आणि हँडओव्हरमध्ये आण्यांचा हिशोबही सांगितला, आमच्या गुजराती स्टाफलाही तो बरोबर कळतो. स्वस्थ पडलेलं असताना आणि हलताना असं दोन्ही वेळचं दुखणं वेगळं विचारायचं, ही या केसमधली फार महत्त्वाची गोष्ट. राउंडला पेशंट पडूनच असतो, "बरं आहे" म्हणतो, आणि आपण बरं आहे असं लिहून टाकतो. मणक्याचं दुखणं कूस बदलण्यात आणि उठण्यात असतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आजी दिवसभरात जेमतेम तीन-चार कप पाणी पीत होत्या. का? बेडपॅन घेताना कंबर उचलावी लागते, जीव जातो, म्हणून पाणीच प्यायचं नाही. त्यात ट्रामाडॉल चालू, या दुखण्याच्या गोळीने पोट धरतं. म्हणजे पाच दिवस पोट साफ नाही, पोट फुगलेलं, आणि युरिनमध्ये पस सेल्स भरभरून, म्हणजे इन्फेक्शन. हे सगळं एकाच गोष्टीतून आलेलं, बेडपॅनमधून. आम्ही चपटं, पुढून पातळ असलेलं फ्रॅक्चर पॅन आणलं आणि कंबर उचलायची नाहीच, दोघींनी मिळून खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर घ्यायचं, पॅन लावायचं आणि परत सरळ करायचं असं ठरवलं. प्रत्येक वेळी दोघीच, एकटीने नाही. रात्री स्टाफ कमी असतो हे मलाही माहीत आहे, पण एकटीने ओढलं की पेशंटची कंबर पिळते, आणि आपलीसुद्धा. आयाबेनला सांगून दर दोन तासांनी पाणी, सकाळी पोट साफ व्हायला लॅक्टुलोज. दोन दिवसांत पोट मोकळं झालं.

युरिन इन्फेक्शनमुळे मात्र ऑपरेशन पुढे ढकललं. मुलगा चिडला, "तीन आठवडे झोपून आहे ती, आणि तुम्ही लघवीचं कारण देताय?" त्याचं चिडणं बरोबर होतं पण कारणही बरोबर होतं. सिमेंट म्हणजे शरीरासाठी बाहेरची वस्तू, रक्तातून जंतू तिथे पोचले तर ते निघता निघत नाहीत, आणि मणक्यातलं सिमेंट काढणं ही केवढी मोठी सर्जरी. मी त्याला बाहेर खुर्चीवर बसवून हे सांगितलं. कल्चर पाठवलं, अँटिबायोटिक झालं, रिपोर्ट साफ आल्यावरच तारीख दिली.

हे ढकललेले दिवस कामी आले. ऑपरेशन पालथं झोपवून करतात, भूल बहुतेक वेळा लोकल आणि थोडं गुंगीचं औषध, म्हणजे पाऊण-एक तास पेशंटला स्वतः पालथं राहता आलं पाहिजे. टेबलवर गेल्यावर कळलं की हिला पालथं झोपून श्वासच घेता येत नाही तर सगळंच अडतं. म्हणून आम्ही वॉर्डातच सराव करून घेतो, गोळी दिल्यानंतर, छातीखाली एक उशी, ओटीपोटाखाली एक, मधे पोट मोकळं, बोटाला ऑक्सिमीटर. पहिल्यांदा पाचच मिनिटं, मग वाढवत न्यायचं. ज्याला अजिबात झेपत नाही त्याच्यावर जबरदस्ती नाही, पण भूलतज्ज्ञांना ते आधी कळलं पाहिजे. आजींचं ऑक्सिजन छान राहिलं, पण हात डोक्याकडे घ्यायला सांगितले तर डावा हात खांद्याच्या वर जाईचना. शुगरवाल्यांमध्ये हा आखडलेला खांदा खूप दिसतो. एरवी कुणाला काय फरक पडतो, पण इथे हात बाजूला राहिले तर सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणाऱ्या मशीनच्या, आडवे येतात, आणि गुंगीत कुणी जोर लावून वर केला तर खांद्याला इजा. ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, आदल्या दिवशी कळवलं, त्यांनी त्या हाताची सोय वेगळी केली.

आणि मग पुड्या. अंग पुसताना दिसलं, हातांवर जांभळे डाग, कातडी टिश्यू पेपरसारखी, चिकटपट्टी काढली तरी सोलवटेल अशी. चेहरा गोल, हातपाय काडीसारखे. मी सहज विचारलं, आजी गुडघ्याला काय घेता? आधी काहीच नाही म्हणाल्या. मग सूनबाई बाहेर गेल्यावर हळूच, "एक जण देतो पुड्या, देशी औषध आहे, तीन वर्षं झाली, गुडघा असा हलका होतो की विचारू नका." पुडीवर ना नाव ना काही. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असण्याची दाट शंका येते, खासकरून इतका झटपट गुण येत असेल तर. शिवाय पुड्या घरी राहिलेल्या, ॲडमिट झाल्यापासून बंद, म्हणजे जास्तच गंभीर. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ऑपरेशनच्या ताणात ते कमी पडलं तर बीपी कोसळतं. लगेच भूलतज्ज्ञांना फोन केला, सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉईड, तपासलं, कमी आलं. फिजिशियननी त्याची भर म्हणून हायड्रोकॉर्टिसोन चालू केलं. आणि हाडं इतकी का खचली त्याचंही अर्धं उत्तर तिथेच होतं. घरच्यांसमोर आजींना ओरडायचं नाही असं मी सगळ्या स्टाफला सांगून ठेवलं. एकदा ओरडलं की पुढची गोष्ट पेशंट कधीच सांगत नाही, लपवतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पायांची तपासणी लिहून ठेवली. अंगठा वर, पाऊल वर, पाऊल खाली दाबा, गुडघा सरळ करा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या. कापसाने स्पर्श. आजींचे दोन्ही तळवे शुगरमुळे आधीपासूनच बधिर. हे आधी लिहिलेलं नसेल तर ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता कुणीतरी "तळव्याला कळत नाही" असं सांगणार, आणि सिमेंट नसेवर गेलं की काय म्हणून सगळी पळापळ.

ऑपरेशनच्या दिवशी कवळी, बांगड्या, मंगळसूत्र काढलं, मंगळसूत्र आजोबांच्या हातात दिलं, त्यांनी ते खिशात न ठेवता तसंच मुठीत धरून ठेवलं. कानाचं मशीन मात्र काढू दिलं नाही. नेहमीच्या चेकलिस्टप्रमाणे ते काढायचं असतं, पण आजी जाग्या राहणार, डॉक्टर विचारणार पायात कळ येतेय का, मुंग्या येताहेत का, आणि त्यांना ऐकूच आलं नाही तर? ओटी सिस्टरशी बोलून मशीन कानातच ठेवलं, तसं लिहून दिलं. आत मराठी बोलणारं कुणीतरी असावं म्हणून एक ओटी टेक्निशियन दादा मुद्दाम डोक्याकडे उभे राहिले. आजी गुजराती फाडफाड बोलतात, पण घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत बोलतो.

सेफाझोलिन हे अँटिबायोटिक चिरा द्यायच्या आधी तासाभरात. आत काय झालं ते ओटी नोट्सवरून थोडक्यात : दोन्ही बाजूंनी सुया, फुगा, मग पातळ नाही तर टूथपेस्टसारखं घट्ट झालेलं सिमेंट हळूहळू, एकूण सुमारे 5 मिली. पातळ असताना भरलं तर गळतं, म्हणून थांबावं लागतं. सिमेंट जाताना बीपी 150 वरून 104 वर आलं, सलाईन वाढवल्यावर सावरलं. त्या वेळी भूलतज्ज्ञ मॉनिटरवरून नजर हलवत नाहीत, सिमेंटचा किंवा चरबीचा कण शिरेतून फुप्फुसात गेला तर पहिली खूण तिथेच दिसते.

वॉर्डात परत. दोन तास सरळ उताणं, हा आमच्या युनिटचा नियम. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी बीपी, नाडी, ऑक्सिजन, आणि प्रत्येक वेळी पाय, कालच्या कागदाशी ताडून. नवीन मुलींना मी सांगते, तीन गोष्टींसाठी डॉक्टरांना फोन करायला माझी वाट बघायची नाही : पायातली ताकद कमी झाली किंवा नवीन बधिरपणा, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, आणि लघवी तुंबणं. बाकी जखम म्हणजे पाठीवर दोन बारीक भोकं, त्यांत बघण्यासारखं फार काही नसतं, ड्रेसिंग भिजलंय का एवढंच. आजींना चौथ्या तासाला लघवी झाली. शुगर चढली, 290, स्टेरॉईडमुळे चढणार हे धरलेलंच होतं, इन्सुलिनचा चार्ट तयार होता. चष्मा, कवळी लगेच परत दिली, रात्री म्हातारी माणसं गोंधळतात त्याला हे फार उपयोगी पडतं.

संध्याकाळी विचारलं, किती आणे? कूस बदलून बघितली, मग परत बदलून बघितली, आणि हसल्या, "तीन आणे. अगं, गेलंच की."

इथूनच खरं काम सुरू झालं. पहाटे चारच्या सुमाराला आयाबेनने बघितलं, आजी पलंगावर पाय खाली सोडून बसलेल्या आणि वाकून पलंगाखालची चप्पल शोधताहेत. कठडा खाली करायचा कसा ते त्यांनी दिवसभर आम्हाला बघून शिकून घेतलं होतं. पडल्या नाहीत, आयाबेनने धरलं, पण विचार करा, चोवीस तासांपूर्वी हीच बाई हलत नव्हती म्हणून सुरक्षित होती. आता दुखत नाही म्हणजे "मी बरी झाले" आणि मग वाकणं, उचलणं, घाई. सिमेंट एका मणक्यात आहे, ठिसूळ सगळेच आहेत. 2001 मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात मणक्याचं नवीन फ्रॅक्चर झालेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला वर्षाच्या आत पुढचं फ्रॅक्चर झालेलं दिसलं. त्यामुळे दुखणं गेलं त्या संध्याकाळपासून आमच्याकडे अशा पेशंटचा पडण्याचा धोका एक पायरी वर लिहायचा असं मी तेव्हापासून लावून धरलंय. पलंग सगळ्यात खालच्या उंचीला, चपला पायाशी नाही तर उशाजवळ स्टुलावर, मागून बंद असलेल्या, बेल हाताला बांधलेली, आणि दर दोन-तीन तासांनी आपणच विचारायचं, बाथरूमला जायचंय का, त्यांनी हाक मारायची वाट बघायची नाही.

सकाळी पट्टा लावून उठवलं. आधी कुशीवर, पाय पलंगाबाहेर, मग कोपर आणि हाताने अंग वर ढकलायचं, सरळ उताण्यावरून कंबर दुमडून उठायचं नाही. बसल्यावर दोन मिनिटं थांबून बीपी, मग वॉकर. दहा पावलं, परत. दुपारी वॉर्डाच्या टोकापर्यंत.

रजेच्या आधी मी सूनबाईंना समोर बसवलं आणि घर विचारलं. "जड उचलू नका, वाकू नका" असं लिहिलेला छापील कागद मिळतो, पण त्याने काही होत नाही, आजी जड कशाला म्हणतात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पाण्याची कळशी त्यांना जड वाटतच नाही. म्हणून सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करतात ते एकेक विचारत गेले. देवपूजा खाली बसून, तर देव टेबलावर घ्या, आजींनी बरीच कुरकुर केली, आजोबांनी मिटवलं. संडास देशी, त्यावर कमोडची खुर्ची. झोपायचं खालच्या खोलीत, जिना फक्त कुणी बरोबर असेल तर. फरशीवरची गोधडी उचलून टाका, पाय अडकतो. आणि झोपाळा. वडोदऱ्यात झोपाळा नसलेलं घर शोधावं लागेल, आजींची दुपार तर सगळी त्यावरच जाते. बसायला हरकत नाही पण उठताना पाट मागे सरकतो आणि माणूस पुढे येतो. नातवाने पाटाखाली टेकू लावून तो स्थिर केला, आजी म्हणाल्या मग त्याला झोपाळा कशाला म्हणायचं, बाक म्हणा.

कमाटीबागेत सकाळचा बायकांचा ग्रुप आहे, त्यात वाकून पायाचे अंगठे धरायचा व्यायाम करतात. तो बंद, कायमचा. अशा मणक्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम घातक आणि पाठ मागे ताणण्याचे चांगले हे 1984 पासून माहीत आहे, तरी योगा म्हणजे चांगलंच असं धरून चालतात. चालायला मात्र जायचं, रोज, उन्हात थोडं.

औषधाचं आधी एकदा बिघडलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी आठवड्याची 70 मिग्रॅ अलेंड्रोनेट ही हाडांची गोळी लिहून दिली होती, आजींनी ती सकाळच्या चहाबरोबर घेतली आणि परत आडव्या झाल्या, छातीत जळजळ, दोन गोळ्यांत बंद. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याचा पूर्ण ग्लास, आणि नंतर अर्धा तास ताठ, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता डॉक्टरांनी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं हाडांचं औषध, झोलेड्रोनिक ॲसिड 5 मिग्रॅ, ठरवलं. आधी व्हिटॅमिन डीचे 60,000 युनिटचे सॅशे आठवड्याला, कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन बघणं, आणि एक हलणारा दात होता तो काढून जखम भरेपर्यंत थांबणं. सहा आठवड्यांनी फॉलोअपला आल्या तेव्हा दिलं, भरपूर पाणी पाजून. ताप येईल, अंग दुखेल, एक-दोन दिवस, पॅरासिटामॉल घ्या, घाबरू नका, हे आधीच सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आलाच.

कंबर आता दोन आणे, कधी तीन. नवीन फ्रॅक्चर अजून नाही. पुड्यांच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या, फिजिशियन दर काही आठवड्यांनी कमी करताहेत, मधेच बंद करायच्या नाहीत आणि ताप-उलटी झाली तर लगेच यायचं असं कार्ड पर्समध्ये ठेवायला दिलंय. पण पुडी गेली तसे गुडघे परत धरलेत, आणि आजी माझ्यावर त्याच्यासाठी नाराज आहेत, "कंबर दिलीत, गुडघे घेतलेत" असं ओपीडीत सगळ्यांसमोर म्हणाल्या. गुडघ्यांचे एक्सरे झालेत, फिजिओ चालू केलीय. तो पुडीवाला अजून दांडिया बाजारात फिरतो म्हणे, म्हणून सूनबाईंना सांगितलंय की दर आठवड्याला आजींच्या उशीखाली एकदा हात घालून बघत जा.